नारीनचा सकाळचा आवाज

आमच्या नारीन गावच्या बाजारात, पावाच्या भट्टीवरच्या दोन खोल्यांत तालायने रेडिओ केंद्र काढलं, तेव्हा गावाला फार कौतुक वाटलं. दिवसभर गाणी, मधेमधे साबणाच्या नि टायरच्या जाहिराती, आणि लोक पैसे भरून आपल्या माणसांना शुभेच्छा द्यायचे. सकाळचा आवाज बुरुलाईचा. चौथीत मीच तिला शिकवलं होतं. वाचताना पुटपुटायची. मी म्हणायचे, "शेवटच्या बाकापर्यंत पोचू दे गं." आता ती डोंगरापलीकडच्या मेंढपाळांपर्यंत पोचत होती.

शुभेच्छांमागून शोकसंदेश आले. तालाय तेही घेऊ लागला.

गावातल्या मेलिसचा ट्रक दोलोनच्या घाटात दरीत गेला, हे गावाला पहाटे कळलं. असं मरण आमच्याकडे आईच्या कानावर एकदम घालत नाहीत. वडीलधारे जमून घरी जातात, इकडचंतिकडचं बोलतात, मग त्यांच्यातला एक जण सावकाश ते शब्द उच्चारतो. ओसमोनआजोबा इतर म्हाताऱ्यांना घेऊन निघाले होते. पण मेलिसचा मामा आत-बाशी गावाहून यायचा होता, म्हणून सगळे शेजारच्या अंगणात थांबले. मेलिसच्या सोबतच्या ट्रकवाल्यांना वाटलं, म्हातारे गेले म्हणजे सांगून झालं असेल. त्यांनी केंद्रावर फोन केला. बुरुलाईने संदेश अगदी स्पष्ट वाचला आणि पुढचं गाणं लावलं. ते लग्नातलं होतं.

मेलिसची आई, कानिपा आपा, तेव्हा रेडिओ लावून कणीक मळत होती.

दुपारी बुरुलाई माझ्या दारात उभी राहिली.

"बाई, 'घरी सांगितलंत का?' एवढंच विचारायचं होतं. ते सुद्धा विचारलं नाही मी."

"त्यांच्याकडे जाऊन आलीस?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तोंड कुठे पाहिलंय त्यांनी तुझं? चल, मी येते."

अंगणात शोकाचा तंबू उभा राहिला होता. दाराशी ओसमोनआजोबा काठीवर रेलून होते.

"आलीस? आम्ही म्हातारे तिथे शब्द जुळवत बसलो, नि तू एका दमात सांगून मोकळी! अगं, तुमच्या खालच्या भट्टीवाल्यालासुद्धा कळतं, पाव कधी बाहेर काढायचा ते."

मला बुरुलाईचा हात धरून आत न्यावं लागलं.

बायकांचा विलाप थांबला. दारातलं बोलणं आत ऐकू गेलं होतं; कानिपा आपाने तिला निरखून पाहिलं.

"बुरुलाई ना तू?"

"हो, आपा. माझं चुकलं. मी…"

"बस इथे. एवढीशी आहेस होय! मला वाटायचं, चांगली उंचीपुरी असशील." आपाने तिला जवळ ओढलं. "राग नाही गं पोरी. रोज सकाळी तूच असायचीस सोबतीला. पण आता तुझा आवाज आला की माझे हात थांबतील. पुढे काय सांगशील, या भीतीने."

आपा रागावली असती तर बरं झालं असतं. बुरुलाई तिथे रडलीही नाही. रडायचा हक्क त्या बायकांचा होता.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी बुरुलाईच्या जागी तालाय बोलू लागला. घरचं वडीलधारं माणूस स्वतः येऊन सांगेपर्यंत शोकसंदेश वाचायचा नाही, असं केंद्राचं ठरलं. बुरुलाई मागच्या खोलीत गाणी निवडायची आणि फोन घ्यायची.

"अहो, त्या रेकणाऱ्या रेड्याला बंद करा!" एक बाई फोनवर ओरडली. "आमची बुरुलाई कुठाय?"

"ती नसते आता सकाळी."

"का? लग्न झालं की काय तिचं?"

"नाही."

"थांब, थांब. तूच बोलतेयस ना गं?"

बुरुलाईने हळूच विचारलं, "कोणतं गाणं लावू आपल्यासाठी?"