घशात राहिलेलं ‘तल्या’

कृपाबाईंचं पत्र जानेवारीत आलं. मार्च अर्ध्यावर आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठं नव्हतं. सप्रेम सलाम, इकडे सर्व ठीक, आणि मग हे:

‘विमानतळावर फीच्या खिडकीपाशी तुम्ही माझ्याविषयी जे म्हणालात, त्याचे दोन अर्थ होतात. तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत, तेव्हा कोणता अर्थ धरायचा ते तुम्हीच कळवावं. कोणताही असला तरी मी रागावणार नाही. मात्र मिरजेहून नर्सांचं वसतिगृह सांभाळायला बोलावणं आलं आहे, आणि त्यांना ईस्टरपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे.’

मी शिरूरच्या मिशन शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. बायकोला देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी आणि पुस्तकं. कृपाबाई दौंडच्या. रेल्वेच्या दवाखान्यात त्यांनी नर्सचं काम केलं, त्यांचे यजमानही लवकर गेले. त्यांना वाचनाचं वेड. माझ्याकडची पुस्तकं शिरूर-दौंड एस.टी.नं त्यांच्याकडे जात आणि त्याच गाडीनं परत येत. त्या गाडीचे कंडक्टर हौसराव, मांडवगण फराट्याचे. तिकिटांच्या पेटीखाली माझं पुस्तक ठेवून ते दौंडला पोचवायचे आणि परत येताना निरोप आणायचे. “बाई म्हनल्या, शेवट काय पटला न्हाई.” किंवा, “बाई म्हनल्या, हे आधी का न्हाई दिलं?” मी त्या निरोपांची वाट पाहायचो. याचा फार विचार मात्र केला नव्हता. विचार केला की मला भीती वाटते.

१९५८च्या डिसेंबरात पुण्याच्या बाजूला एका खाजगी कंपनीनं विमानाच्या आनंदफेऱ्या सुरू केल्या. अर्ध्या तासाची फेरी. मी विमानांविषयी बरंच वाचलेलं होतं आणि सुगीच्या सणाला दौंडच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तेच बोलत बसलो होतो. कृपाबाई म्हणाल्या, “मास्तर, वाचून पंख फुटत नाहीत. एकदा बसून बघू या की.”

सणाच्या अर्पणासाठी पपई पोचवायला आलेले हौसराव शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “मीबी येतो. जन्मभर लोकास्नी बसवलं. एकदा मला कुनीतरी बसवू दे.”

असे आम्ही तिघं जानेवारीतल्या एका सकाळी विमानतळावर पोचलो. भाडं आधीच भरलेलं होतं. पण आत शिरायच्या दारापाशी एक खिडकी होती आणि तिच्यावर पाटी: ‘विमानतळ फी, प्रत्येकी एक रुपया. पती-पत्नी मिळून एकच फी.’

हौसरावांनी पाटी दोनदा वाचली. “म्हंजी भाडं हवेचं आन् फी जमिनीची?”

“तसंच,” मी म्हणालो.

“आमच्यात बरं हाय मग. गाडीचं तिकीट काढलं की स्टँड फुकाट.” असं म्हणून त्यांनी कोटावरचा पितळी बिल्ला दारावरच्या माणसाला दाखवला, “स्टाफ” असं एवढंच म्हणाले आणि आत चालते झाले. एस.टी.च्या माणसाला एस.टी.त ‘स्टाफ’ म्हणून पुढं जायची सवय असते. पण त्यांचा आवाज इतका खात्रीचा होता, की दारावरच्या माणसानंही बाजूला सरकून वाट दिली.

मग माझी पाळी आली. खिडकीतला कारकून पुणेरी, चष्म्यातून वर बघणारा. माझ्या मागे कृपाबाई होत्या आणि त्यांच्या मागे बरीच रांग.

“किती जण?”

“दोन.”

“ह्या कोण?”

आता आमच्या ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं. शिरूरची मंडळी, दौंडची मंडळी. मला म्हणायचं होतं, ‘ह्या आमच्या मंडळीतल्या.’ पण अनोळखी माणसानं डोळ्यांत पाहून काही विचारलं, की माझा आवाज वाक्याच्या शेवटापर्यंत पोचत नाही. मी म्हणालो, “ह्या आमच्या मंडळी…” आणि ‘तल्या’ घशातच राहिलं.

बाकीच्या महाराष्ट्रात ‘ह्या आमच्या मंडळी’ असं माणूस कुणाविषयी म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको.

“मग एकच फी,” कारकून म्हणाला आणि त्यानं एकच पावती फाडली. मी काही बोलणार, तोच मागचा माणूस ओरडला, “अहो काका, हला की!” मी हललो. कृपाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर नीट केला आणि त्या पुढं झाल्या.

विमान आतून एस.टी.पेक्षा अरुंद निघालं. पंचवीसेक माणसं बसली असतील. कृपाबाई खिडकीशी, त्यांच्याजवळ मी आणि वाटेच्या पलीकडच्या खुर्चीवर हौसराव. निळ्या साडीतली एक मुलगी सगळ्यांचे पट्टे बांधून गेली. दार लागलं. पंखे फिरू लागले. विमान मात्र जागचं हलेना.

हौसरावांचा जीव वरखाली व्हायला लागला. त्यांनी मागं वळून माणसं मोजली. “समदी बसल्यात. दार लागलं. मग ह्यो निघत का न्हाई?”

“वेळ असेल,” मी म्हणालो.

“डबल दिली नसल कुनी.”

एस.टी.त कंडक्टर दोरी ओढून घंटा देतो. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे निघा. हौसरावांच्या डोक्यावर विमानातही एक बटण होतं. त्यांनी ते दोनदा दाबलं. टिंग, टिंग.

निळ्या साडीतली मुलगी लगबगीनं आली. “काय हवंय आपल्याला?”

“काय न्हाई ताई. डबल दिली. जाऊ द्या म्हनावं.”

मुलीनं ओठ दाबून हसू आवरलं. आणि योगायोग असा, की त्याच क्षणी विमान हललं. हौसराव माझ्याकडे पाहून भुवई उडवून म्हणाले, “बघितलं? कुठंबी जावा, नियम एकच.”

विमान डुलत डुलत धावपट्टीकडे निघालं. कृपाबाई खिडकीतून बघत होत्या, मी माझ्या गुडघ्यांकडे. तेवढ्यात हौसराव अर्धवट उठले. खिडकीतून त्यांना काहीतरी दिसलं होतं.

“आरं, पाशिंजर राहिला!”

मीही पाहिलं. गवतातून एक माणूस हात हलवत विमानाच्या मागं पळत होता. हौसरावांनी बटणावर एक टोला दिला. विमान थांबेना. त्यांनी पट्टा सोडला, उठले आणि विमानाच्या पत्र्यावर थापा मारत दाराकडे धावले. “ओ डायव्हरसाहेब! थांबवा! मानूस पळतोय बिचारा!”

“खाली बसा! काका, बसा!” निळी साडी ओरडली. एक बाई किंचाळली. कुणाच्या तरी पोरानं रडायला सुरुवात केली. मागून एकजण म्हणाला, “दार उघडतोय हा म्हातारा, धरा त्याला!” दोघांनी हौसरावांना धरलं. हौसराव त्यांना म्हणाले, “आधी तुमी सीटवर बसा. उभ्यानं परवास करायचा न्हाई.”

विमान थांबलं. पुढचं दार उघडून कप्तान बाहेर आला. उंच, गोरा, उत्तरेकडचा असावा. त्याचा चेहरा पाहून मला शाळा तपासायला येणारे साहेब आठवले.

“चलते जहाज में खड़ा कौन हुआ?”

“मी,” हौसराव म्हणाले. “पाशिंजर राहिला हुता.”

“उतारो इनको,” कप्तान म्हणाला. “पुलिस को दे दो.”

हौसरावांचा चेहरा उतरला. कंडक्टर माणूस. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना उतरवलेलं. निवृत्तीला काही महिने राहिलेले आणि पोलिसांचं नाव ऐकू आलेलं. बिल्ल्यावर त्यांचा हात गेला.

“इनके साथ कौन है?”

मी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा.

इतक्यात बाहेरून शिडी लागली, दार उघडलं आणि तो पळणारा माणूस धापा टाकत आत आला. तो खिडकीतला कारकून होता. चष्मा हातात, तोंड लाल.

“साहेब, ह्यांची फी…” त्यानं हौसरावांकडे बोट केलं. “ह्यांची फी राहिली! स्टाफ म्हणून आत आले. मी रजिस्टर बघितलं, आपल्याकडे असला स्टाफच नाही!”

हौसराव आ वासून त्याच्याकडे बघत राहिले. मग ते हळूच म्हणाले, “म्हंजी मी माझ्याच मागं लागलेल्या मानसाला घ्याया गाडी थांबवली व्हय?”

आधी ती निळ्या साडीतली मुलगी हसली. मग सगळं विमानच हसलं. रडणारं पोरसुद्धा. कप्तानाला कुणीतरी हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि तोही हसला, पण थोडाच. तो माझ्याकडे वळला.

“आप अकेले इनके साथ हैं?”

मी तोंड उघडलं. कारकुनानं मला ओळखलं आणि तो माझ्या आधी बोलला. “नाही साहेब, हे आणि ह्यांच्या मंडळी आहेत. मीच फी घेतली ना.”

“तो आप दोनों इनकी ज़िम्मेदारी लेते हैं?”

माझ्या घशातून काही येईना. तेव्हा कृपाबाई खिडकीशी बसल्या बसल्याच म्हणाल्या, “घेतो.”

घेते नाही. घेतो. प्रथमपुरुष, अनेकवचन. मी ते ऐकलं आणि माझे कान तापले.

हौसरावांनी खिशातून दोन रुपये काढून कारकुनापुढं धरले. “फी एकच रुपया आहे,” तो म्हणाला. “घ्या वो,” हौसराव म्हणाले. “बिनतिकीट म्हंजी दुप्पट. मी कवा कुनाला सोडलं न्हाई.” मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पट्टा इतका घट्ट बांधला, की नंतर तो सोडवायला दोघं लागले.

विमान उडालं. खाली भीमा दिसली, बोटभर रुंद. कृपाबाई म्हणाल्या, “मास्तर, बघा तरी.” मी बघितलं. त्या एवढंच बोलल्या. परतीच्या गाडीतही त्या विषयाचं नाव नाही. आणि आठ दिवसांनी पत्र आलं. हौसरावांच्या पेटीखालून नाही, टपालानं.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात मंडळ, मंडळी, मांडलिक अशी व्युत्पत्ती होती, जुन्या बायबलातला दाखला होता. उत्तर मात्र नव्हतं. तो फाडला. दुसऱ्यात लिहिलं की मला फक्त चर्चची मंडळी म्हणायचं होतं. ते खरं होतं, पण ते वाचून त्या मिरजेला जातील हेही खरं होतं. तोही फाडला. आणि दुसरा अर्थ लिहावा, तर त्यांनी नुसता गैरसमज दूर व्हावा म्हणून विचारलं असेल तर? ‘घेतो’ हे हौसरावांना वाचवण्यापुरतंच असेल तर? या वयात हसं व्हायचं आणि पुस्तकांची ये-जाही बंद पडायची. पुस्तकं तशीही बंदच पडली होती.

हौसराव मला स्टँडवर गाठायचे. “काय मास्तर, पेटी मोकळीच हाय.”

“सध्या नवीन काही नाही.”

“बाईबी त्येच इचारत्यात. ‘काही आहे का?’ मी न्हाई म्हनतो. मग म्हनत्यात, ‘बरं.’ त्येंचं ‘बरं’ लई वंगाळ असतंय मास्तर. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी तसंच म्हनायच्या.”

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. देवळात आमचे पाळक आठवड्याच्या सूचना वाचत होते. “मंडळीतल्या सर्व बहिणींनी… मंडळीतल्या तरुणांनी…” किती सहज. दर वाक्यात एक ‘तल्या’, आणि अडखळणं नाही. माझ्या शेजारी बसलेले एलियाबापू, दात नसलेले, तेसुद्धा पुटपुटत होते, “मंदलीतल्या…”

आणि मला एकदम वाटलं, चाळीस वर्षं मी मुलांचे प्रत्यय तपासले. अनोळखी माणसापुढं माझा आवाज जातो, पण तो गेला की सगळं वाक्यच जातं. ‘ह्या आमच्या मंडळी’ इतकं तर स्वच्छ बाहेर आलं होतं. मग नेमका तो एक प्रत्ययच का अडला? घशाला माझ्यापेक्षा जास्त कळत असावं. किंवा हाही माझा पंडिती खुळेपणा असेल. पण या वेळी ते ठरवत बसायला ईस्टर थांबणार नव्हता.

सोमवारी सकाळी मी अंतर्देशीय पत्र आणलं आणि लिहिलं:

‘कृपाबाईंस सप्रेम सलाम. खिडकीपाशी मला ‘मंडळीतल्या’ असं म्हणायचं होतं. ‘तल्या’ घशात राहिलं. तेव्हापासून विचार करतो आहे, आणि ते राहिलं तेच बरं झालं असं मला वाटतं. तुमचं ‘घेतो’ मी ऐकलं आहे. ते अनेकवचन खरं असेल, तर मिरजेला नाही म्हणून कळवावं. नसेल, तर नवीन आलेली दोन पुस्तकं आहेत, ती मिरजेच्या पत्त्यावर पाठवीन. आपला, नथानिएल.’

वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं.

टपाल कचेरीच्या दारात हौसराव भेटले. माझ्या हातातला कागद त्यांनी लांबूनच ओळखला. “आना, साडेदहाच्या गाडीला नेतो. दुपारच्या आत बाईंच्या हातात.”

“नको हौसराव. हे टपालानंच जाऊ दे.”

“का वो? माझ्यावर इस्वास न्हाई?”

“तुमच्यावर आहे,” मी म्हणालो. “तुमच्या पेटीखालून मी ते गाडी सुटायच्या आत परत मागून घेईन. टपालपेटीतून निघत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल काढून टपालपेटीच्या तोंडावरची धूळ पुसून दिली. मी पत्र आत सरकवलं. ते खाली पडल्याचा आवाज आला. माझी बोटं मात्र तिथंच राहिली असावीत, कारण मागं पोस्टमन किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “हात काढा. टपाल काढायचंय.”

मी हात काढला.