दादाने छापलेलं पुस्तक

दादा छापतो, वाचत नाही. वर अभिमानाने सांगतो, "वाचत बसलो असतो तर छापखाना कधीच बुडाला असता." शाई एकसारखी लागली, समास सरळ आला, बांधणी घट्ट बसली, की त्याचं काम संपलं. कविता असो नाहीतर दुकानाचं पावतीपुस्तक, त्याला सगळं सारखंच.

म्हणूनच माझं पुस्तक मी त्याच्याकडे नेलं. प्रकाशकांच्या दारात गेलेच नाही. खर्च माझा, मांडणी माझी, प्रुफंही मीच डोळे फोडून तपासली.

"कादंबरी? आणि तू?" दादा हसला. "कशावर?"

"आईवर."

लगेच डोळे भरून आले त्याचे. नाटकी मेला! म्हणाला, कागद चांगला घालतो, प्रकाशनही इथेच करू, झाडून सगळ्या नातेवाइकांना मी बोलावतो.

याच नातेवाइकांना आई गेली तेव्हा त्याने सांगितलं होतं, "निरोप धाडून थकलो, पण धाकटीला सवडच नाही." त्या दिवसापासून मावशीने, आईच्या सख्ख्या बहिणीने, माझ्याशी बोलणं टाकलं. मी कितीदा रडून सांगितलं, की मी गेले होते गं, दादानेच उंबऱ्यावरून परत पाठवलं. पण तो कर्तबगार मुलगा, आणि मी तोंडाळ पोरगी. माझं कोण ऐकणार?

प्रकाशनाच्या दिवशी यंत्रांवर कापड टाकून, कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. येईल त्याच्या हातात दादा स्वतः प्रत ठेवत होता. मग कडक इस्त्रीच्या सदऱ्यात भाषणाला उभा राहिला.

"शेवटच्या दिवसांत ही आईकडे फिरकली नाही. पण मी मन मोठं केलं. शेवटी बहीण आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गोड हसून म्हटलं, "दादा, एक पान तूच वाचून दाखव ना." टाळ्या पडल्या. पान मीच उघडून दिलं.

वाचायची सवय नाही, त्यामुळे शब्द आधी तोंडातून जात होते आणि अर्थ मागून येत होता. "मोठा मुलगा दारात आडवा उभा राहिला. आई झोपलीय, म्हणाला. आतून ठकठक ऐकू येत होती. हे काय, मी विचारलं. तो म्हणाला, शेजारी सुतारकाम चाललंय..."

तिथे त्याने पुस्तक मिटलं.

"वाच पुढे," मावशी म्हणाली.

"मावशी, अगं, ही मनाने रचलेली गोष्ट आहे..."

"मी आले होते तेव्हा मलाही सुतारकामच सांगितलंस तू."

मावशीने आपल्या प्रतीत ते पान शोधलं आणि चष्मा सावरत मोठ्याने वाचलं. आई हल्ली विसरायची, घरातून निघून जायची, दादाला लोकांची लाज वाटायची. आई गेल्यावर मी तिच्या खोलीत शिरले, तेव्हा दाराला कडी बाहेरून बसवलेली होती. आतल्या बाजूचा रंग खरवडलेला होता. तिची वाटी काठाला चेपली होती.

मावशीला पुढे वाचवेना. ती उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात तिने घट्ट धरला. इतक्या वर्षांनी! मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. दादाचा तो पांढराफटक चेहरा मी डोळे भरून पाहिला.

"द्या, प्रती परत द्या, छपाईत चूक राहिलीय," दादा खुर्च्यांमधून हात पसरत फिरू लागला.

"एकही चूक नाहीये, दादा," मी म्हटलं.

कुणीच प्रत परत दिली नाही.