सल्लागार मॅडम

लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये मॅनेजर असताना मानसी मालकांना सांगून थकली, "नाश्त्याची खोली स्वयंपाकघराजवळ आणा, पोहे गार होतात." महिपतराव म्हणायचे, "तू तुझं काम बघ." शेवटी वैतागून तिनं नोकरी सोडली आणि कार्ल्यातल्या घरावर 'स्वतंत्र सल्लागार' अशी पाटी लावली.

पहिलं बोलावणं महिपतरावांचंच आलं. मानसीनं तेच सांगितलं, फक्त या वेळी पडद्यावर चित्रं दाखवून.

"वा मॅडम! आमच्या माणसांना हे कधी सुचलंच नसतं!"

हसावं की रडावं, तिला कळेना. पण हा मान हवाहवासा वाटला खरा.

मग फोन सुरू झाले. ऐन दसऱ्याला ती भरल्या ताटावरून उठली, कारण महिपतरावांना चादरींचा रंग ठरवायचा होता. नोकरीत निदान सुट्टी तरी मागता यायची.

नाश्त्याची खोली हलली, पाहुणे खूश झाले. महिपतरावांनी तिला पुष्पगुच्छ दिला. "मॅडम, सगळं इतकं सुरळीत झालंय, की आता तुमची गरजच उरली नाही."

मानसीनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं. "पण तुमच्या स्वागतकक्षाचं तोंड चुकीच्या दिशेला आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

महिपतरावांचा चेहरा उतरला. मानसीला आपला धंदा त्या दिवशी खऱ्या अर्थानं जमला.