रंधा मारलेल्या पेट्या

"शिक्का कुठाय?"

बंदरावरच्या शेडमध्ये कस्टमच्या साहेबांनी लाकडी पेट्यांभोवती दुसरी फेरी मारली. धाकटा भाऊ वाकून बघत त्यांच्या मागोमाग फिरला.

"असणार ना, साहेब. शिक्क्याचंच लाकूड आणलंय."

भट्टीत तापवून कीड मारलेलं लाकूड, आणि त्यावर तसा डागलेला शिक्का. तो नसेल तर पलीकडच्या बंदरात पेटी उतरवूनच घेत नाहीत, हे धाकट्याला तोंडपाठ होतं. आत खुर्च्या होत्या, थोरल्या दादाने घडवलेल्या. परदेशाची पहिलीच ऑर्डर. आजचं जहाज चुकलं की गिऱ्हाईक हातचं जाणार आणि दादाच्या कारखान्याला कुलूप लागणार.

त्याने पेटीवरून हात फिरवला. फळी कशी गुळगुळीत, आरशासारखी! अरे देवा!

"दादा, पेट्यांना रंधा मारलास?"

"मग काय तशाच धाडू?" दादाची कळी खुलली. कुणीतरी विचारावं याचीच तो सकाळपासून वाट बघत होता. "फळ्यांवर कसले तरी काळे डाग होते. पार घालवले. एवढ्या लांब आपलं काम चाललंय, पेटी बघूनच कळायला नको?"

साहेब हसले नाहीत. "शेडमागे पॅकिंगवाला आहे. त्याच्याकडे शिक्क्याच्या पेट्या मिळतील. माल बदलून भरा. पण लवकर, जहाज कुणासाठी थांबत नाही."

धाकटा धावत जाऊन पेट्या घेऊन आला. खडबडीत, कुसळं निघालेल्या. पण दादाच्या पेट्या काही केल्या उघडेनात. खिळा म्हणून नव्हता, सगळं सांध्यात सांधा. धाकट्याने पहार घातली खरी, पण दाबायला हात धजेना. तिकडे जहाजाचा भोंगा झाला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला.

"सर बाजूला," दादा म्हणाला. "तुझ्या हातून खुर्चीला लागेल."

आणि त्याने स्वतःच एकेक पेटी फोडली. काडकाड आवाज होत राहिला. धाकट्याला रडू फुटत होतं. तो खाली मान घालून खुर्च्या उचलत राहिला.

शेवटची पेटी बंद झाली तेव्हा जहाज अजून धक्क्यालाच होतं. दादाने खडबडीत फळीवर तळवा ठेवला. सवयीने दुसरा हात पिशवीतल्या रंध्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"हा डाग असाच राहू द्यायचा ना रे?"

"हो दादा."

दादाने सदऱ्याच्या बाहीने शिक्क्यावरची धूळ नीट पुसली.