चार वाजताचा ताप

मैनाचा ताप दुपारी चारला यायचा. सकाळभर पोरगी हुंदडायची. चार वाजले की गुडघे सुजायचे, अंगावर गुलाबी चट्टे उमटायचे आणि दिवेलागणीला सगळं उतरून जायचं. दोन वर्षं बाहेरचं समजून उतारे टाकले. शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आजार दुर्मिळ आहे. अंगाची राखण करणारी शक्तीच पोरीवर उलटली आहे. त्या शक्तीला शांत करणारी सुई दर पंधरा दिवसांनी टोचायची.

सुया सुरू झाल्यापासून आठ महिने ताप फिरकला नव्हता. तरी चारला सरूचा हात लेकीच्या कपाळावर जायचाच. तो गेलेला नाही, दाराबाहेर उभा आहे, असं तिला वाटायचं.

सुई थंड ठेवावी लागे आणि भरवशाचा फ्रीज गावात एकच, दूध संस्थेचा. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, त्यांच्यामागं सरूचा नवरा भारतही. संस्थेत दूध येईना. पण सचिव बंकट सुईसाठी रोज कुलूप काढून फ्रीज चालू आहे का बघायचा.

रविवारी सरू सुई आणायला गेली. डबी ओलीकिच्च होती.

"दादा, ही भिजली कावून?"

"लाईट लई जातीय, वहिनी. म्हणून परवा बर्फाच्या कप्प्यात ठिवली. जितकं गार तितकं टिकतंय. दुधाचं तसंच हाय की."

"गोठली व्हती?"

"दगडावानी. आता बघा, जशीच्या तशी."

दिसत होती खरी जशीच्या तशी. सरूनं तिथूनच फोन लावला. गोठलेलं औषध मेलेलं असतं, टोचू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवी सुई शुक्रवारी मिळेल. बंकट पायरीवर बसला तो उठलाच नाही.

आज सुई नाही म्हटल्यावर मैना अंगणभर नाचली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. चारला बंकट दाराशी यायचा, मैनाकडं बघत उभा राहायचा, माघारी जायचा.

बुधवारी बाहेर ऊन भाजत होतं. मैना खेळ टाकून आत आली आणि तिनं आपणहून गोधडी ओढली.

"माय, आलाय गं."

सरूनं तिचा सदरा वर केला. पाठभर चट्टे. वाट बघणं संपलं म्हणून तिला क्षणभर सुटल्यासारखं झालं, आणि त्याचीच लाज वाटली.

दारात बंकट. "वहिनी, ताप..."

त्याला सुनावायचं ते तिनं चार दिवस मनात साठवलं होतं.

"हाय," ती म्हणाली. "भाईर कावून उभे? आत या. पाय धरा तिचे, लई ठणकतेत. मी पाणी आणते."

बंकटनं चपला काढल्या.

"काका, हळू," मैना म्हणाली.