ओदिलियाचं खरं वजन

ला सेइबिता गावात पन्नास वर्षांपूर्वीच्या एका बाळाची कीर्ती अजून टिकून होती. ते बाळ म्हणजे त्रांसितोची ओदिलिया. दर महिन्याला दूधकेंद्रातली सिस्टर गावची सगळी तान्ही पोरं तराजूला टांगायची, वजन वहीत मांडायची, आणि ओदिलियाचा आकडा कायम सगळ्यांच्या वर. त्रांसितोनं ही गोष्ट लग्नात सांगितली, जत्रेत सांगितली, मयताला गेली तिथंही सांगितली. ओदिलियाची धर्ममाता एदुविहेस, म्हणजे त्रांसितोची कोमाद्रे, ती ऐकून ऐकून विटली होती.

आता ओदिलिया एक्कावन्न वर्षांची होती, अंगानं चांगली भरलेली. तीन वर्षांपासून मधुमेह मागे लागला होता आणि गिरणीचा चढ चढताना दोनदा थांबावं लागायचं. हृदय तपासायचं यंत्र राजधानीहून एका दिवसासाठी शाळेत येणार असं कळलं, तशा मायलेकी सकाळी सहालाच व्हरांड्यात जाऊन बसल्या. एदुविहेसही आली होती. तिला काही झालेलं नव्हतं, पण गावात चार माणसं जमणार आणि ती घरी बसणार, हे होणं नव्हतं.

डॉक्टर बारिल्लास ही अगदी पोरसवदा बाई. तिच्यासमोर सिस्टरच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा होता.

"यंत्र एक, दिवस एक, जागा वीस," ती म्हणाली. "पहिल्या दोन वर्षांत ज्यांची वाढ खुंटली आणि नंतर अंगावर चरबी चढली, त्यांना हृदयाचा नि मधुमेहाचा धोका जास्त. म्हणून ते आधी. बाकीच्यांनी शहराच्या इस्पितळात नंबर लावायचा."

शहरातला नंबर म्हणजे वर्षभर वाट पाहणं. अठरा नावं वाचून झाली, त्यांत ओदिलिया नव्हती.

"बाई, माझी लेक राहिली," त्रांसितो म्हणाली.

डॉक्टर वही चाळून हसली. "ओदिलिया ना? अहो आजी, ही तर गावातली सगळ्यात गुटगुटीत! दोन जागा उरल्यात, पण त्या तेव्हा दुबळ्या असलेल्यांसाठी."

"घे, कोमाद्रे!" एदुविहेस मागून म्हणाली. "आणखी मिरव!"

त्रांसितोनं डोक्यावरची शाल सारखी केली. "त्या सिस्टरला नीट दिसायचं नाही."

"बाकीच्यांची वजनं तर बरोबर वाटतात."

"तराजू गंजका होता."

"फक्त ओदिलियापुरता?"

व्हरांडाभर हशा पिकला. ओदिलिया लाजेनं लालबुंद झाली. "आई, पुरे झालं. मला काही धाड भरलेली नाही. चल घरी." ती उठली, दोन पायऱ्या उतरली आणि खांबाला धरून उभी राहिली. तोंड उघडं, छाती भात्यासारखी वर-खाली.

त्रांसितोनं ते पाहिलं. या वयात गावासमोर नाक कापून घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण पोर धापा टाकत होती.

"बाई, ते वजन खोटं आहे," ती म्हणाली. "परक्यासमोर बाळाला उघडं केलं की दृष्ट लागते, म्हणून आम्ही सगळ्या जणी सिस्टरशी भांडायचो. शेवटी तिनं नाद सोडला, कपड्यांसकट तोलायची. मी पोरीच्या पोटपट्ट्यात मक्याच्या दाण्यांची थैली बांधायचे."

"किती?" डॉक्टरचं पेन हवेतच राहिलं.

"आधी दोन पौंड. मग ह्या एदुविहेसचा रिगोबेर्तो भोपळ्यासारखा गोल व्हायला लागला, तेव्हा तीन."

पुन्हा हशा झाला. या खेपेला त्रांसितोही थोडी हसली. हसली नाही ती ओदिलिया.

"आणि मला पाजत काय होतीस?"

"माझं दूध आटलं होतं गं. साखर घालून कॉफीचं पाणी द्यायचे बाटलीतून. गप्प व्हायचीस."

"दूधकेंद्रात दुधाची पूड मिळायची ना?"

उत्तर डॉक्टरनंच दिलं, वहीत बघून, हळू आवाजात. "ज्यांचं वजन कमी, त्यांनाच मिळायची."

आता कुणी हसलं नाही. जाडजूड लेकीची आई म्हणून मिरवायच्या नादात आपण पोरीच्या तोंडचं दूध काढून घेतलं, हे त्रांसितोला पन्नास वर्षं ठाऊक होतं. पण ते आज पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं. तिचे डोळे वाहायला लागले.

एदुविहेस उठून तिच्यासमोर उभी राहिली. "बये, माझ्या अंगावर दूध वाहत होतं त्या साली! हाक मारायचीस ना! मी हिची धर्ममाता कशासाठी झाले होते?"

"तुलाच कशी सांगू? तुझ्याशीच तर चुरस होती."

"मूर्ख आहेस," एदुविहेस म्हणाली आणि तिला घट्ट चिकटून बसली.

डॉक्टरनं जुन्या आकड्यांतून पौंड वजा केले. नवा आकडा मांडला, स्वतःच दोनदा पाहिला आणि वही ओदिलियापुढे सरकवली. ओदिलियानं तो बराच वेळ बघितला.

"एवढीशीच होते मी?"

"एवढीशी," त्रांसितो म्हणाली. "ओंजळीत मावायचीस."

एकोणिसावं नाव पुकारलं गेलं. ओदिलिया आईकडे न बघताच दारापर्यंत गेली. आतलं यंत्र, तारा, पांढरी खाट पाहून ती थबकली, मग मागे वळली. राग तिच्या चेहऱ्यावर तसाच होता.

"बसलीस काय? ऊठ. मला एकटीला भीती वाटते."