आरपार दिसणारी प्लेट

दार परत आलं ते हातगाडीवरून, आणि मागोमाग गिऱ्हाईक चालत.

"मिस्त्री, बिजागरीसाठी खाच पाडायला सांगितली होती, उंदराकडून कुरतडून घ्यायला नाही."

मिस्त्रींनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. खाचेच्या तीन बाजू सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. डावी बाजू मात्र पेन्सिलीच्या रेघेपलीकडे गेली होती आणि तिथला लाकडाचा ढलपा निघाला होता.

"राऊटरची, या खाच पाडायच्या मशीनची, खालची प्लेट खराब झालीय," मिस्त्री म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, असं गिऱ्हाईक पुटपुटलं. मिस्त्रींच्या बायकोला ते ऐकू आलं. ती कोपऱ्यात पॉलिशचं फडकं पिळत होती. मागच्या दारालाही डावीच बाजू गेली होती, आणि त्याआधीच्या कपाटालाही, हे ती बोलली नाही. आजारपणानंतर मिस्त्री नुकतेच कुठे कामावर परतले होते. मेंदूतली एक शीर बंद पडली होती. दोन्ही हात चालताहेत, बोलणं शाबूत आहे, म्हणून घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. पण हल्ली त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटायचा.

"साचा लावून पाडा ना खाच," ती म्हणाली. "साच्याबाहेर जायचंच नाही मशीन."

"साचा शिकाऊंना. आयुष्यभर नुसत्या नजरेने रेघेला भिडवलंय मी पातं. आता म्हातारपणी कुबड्या घेऊ?"

मग ती हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदाराने काउंटरवर प्लेटा मांडल्या.

"वहिनी, ही लांबट, मुठीची. मशीन फळीच्या काठावर कलंडतं ना, तेव्हा मुठीवर दाब द्यायचा. ही मोठ्या भोकाची, जाड पात्यांसाठी. काम काय आहे?"

"दाराची कड. बिजागरीची खाच."

"मग मोठं भोक नकोच. कड अरुंद, मशीन भोकातच बसकण मारेल. ही घ्या, लहान भोकाची, आरपार दिसणारी. काळ्या प्लेटखाली रेघ झाकली जाते, माणूस अंदाजाने चालतो. हिच्यातून आंधळ्यालासुद्धा दिसेल."

तो हसला. तिने प्लेट उजेडाकडे धरली. तिच्यातून दुकानदाराच्या शर्टाचं बटण, त्यातला दोराही दिसत होता. वाटेत तिने मनाशी घोकलं, काळी प्लेटच आड येत होती. दुसरं काही नाही.

मिस्त्रींनी स्वतः स्क्रू पिळले. पातं भोकाच्या मधोमध आलंय ना, तेही पाहिलं. शिकंज्यात टाकाऊ फळी उभी आवळून तिच्या कडेवर खाच आखली, गडद पेन्सिलने.

"दिसतेय रेघ?" तिने विचारलं.

"लख्ख."

मशीन सुरू झालं. ती त्यांच्या खांद्यामागून बघत होती. पातं उजव्या रेघेला टेकून थांबलं, अगदी केसभर आधी, पूर्वीसारखंच. मग डावीकडे निघालं. प्लेटखाली डावी रेघ स्वच्छ दिसत होती. पातं तिच्याजवळ आलं, तिच्यावर चढलं, पलीकडे गेलं. मिस्त्रींचा चेहरा शांत होता. सफाईने काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा.

त्यांनी मशीन उचललं. "बघ. म्हटलं नव्हतं, प्लेटच होती?"

"आणखी एक पाडा," ती म्हणाली.

ते मान खाली घालून नवी रेघ आखू लागले, तेव्हा तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. मग त्यांच्या डावीकडे येऊन फळीच्या कडेवर आपला पंजा पालथा ठेवला, बांगड्यांसकट, पातं जाणार होतं त्या वाटेवर.

मिस्त्रींनी मशीन टेकवलं. प्लेटमधून खाली पाहिलं. कळ दाबली.

"लाइट गेली वाटतं."

"नाही. मी बंद केलंय."

"अगं, ऐन वेळी काय हे? का?"

"माझा हात आहे तिथे."

"कुठे?"

"अजून आहे. बघा ना."

त्यांनी पाहिलं. मान हलवली नाही, नुसते डोळे ताणले. मग मशीन बाजूला ठेवून फळीवर बोटं टेकवली आणि उजवीकडून डावीकडे चाचपत आणली. खाच लागली. मग नुसतं लाकूड. मग तिच्या बांगड्या. बोटं तिथेच थांबली.

बाहेर कोणीतरी सायकल टेकवली आणि पुन्हा घेऊन गेलं.

"कळ दाबली होती मी," ते म्हणाले.

"हो."

"साचा लावला तर?"

"साच्याला माझा हात कळणार नाही. तुमचाही नाही."

त्यांनी घसा खाकरला. "रंधा? हाताचा रंधा तर चालेल? त्याला डावीकडचं कुठे दिसावं लागतं."

तिने हात काढून घेतला नाही.

"रंध्याचं बघू," ती म्हणाली.